खांदेरीचा दिवा

आमच्या बुवापाड्यात काय किंवा अंबरनाथ-बदलापूरच्या कोणत्याही सभागृहात काय, निवृत्त मुख्याध्यापकांचा सत्कार असो वा एखाद्या कार्यकर्त्याची शोकसभा असो, एक शब्द हमखास कानी पडतो. तो शब्द म्हणजे ‘दीपस्तंभ’. वक्ते तो सढळ हाताने वापरतात आणि श्रोतेही माना डोलावतात. वक्ते आणि श्रोते यांपैकी कितीजणांनी खराखुरा दीपस्तंभ रात्रीच्या वेळी पेटलेला पाहिला असेल, हा प्रश्न सभेच्या गांभीर्यास शोभणारा नसल्याने कोणी विचारीत नाही. परंतु या उपमेत एक मौज आहे. ती आपण बहुधा निवृत्तांना आणि दिवंगतांना देतो, आणि खऱ्या दीपस्तंभाचे एकमेव लक्षण तर असे की तो आज रात्री कामावर असतो. ज्याचा दिवा कालपर्यंत लागत होता आणि आज लागत नाही, तो दीपस्तंभ नव्हे. तो नुसता स्तंभ.

हा शब्दच्छल आज सुचण्यास कारण आहे. ११ जुलै २०२५ रोजी ‘मराठा लष्करी भूदृश्ये’ या नावाने बारा किल्ल्यांचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत झाला. त्यांतील अकरा महाराष्ट्रातील आहेत व बारावा तमिळनाडूतील जिंजी. रायगड, राजगड, प्रतापगड ही नावे शाळकरी मुलांनाही पाठ असतात. परंतु या बारांत थळच्या किनाऱ्यासमोरचे खांदेरी हे छोटेसे बेटही आहे, याची जाणीव फारशी कोणास झालेली दिसली नाही. आणि या बेटाचे एक वेगळेपण असे की, तेथे तटाच्या आत १८६७ सालापासून एक दीपगृह उभे आहे. किल्ला शिवाजी महाराजांचा, दीपगृह इंग्रजांचे, आणि १९९८ पासून बेटाला व दीपगृहाला नाव कान्होजी आंग्रे यांचे. आता किल्ल्याच्या जतनाचे काम नव्या उत्साहाने हाती घेतले जाईल, तेव्हा या दीपगृहाचे करायचे काय, हा प्रश्न उपस्थित होणारच. तो उपस्थित होण्यापूर्वीच त्यावर विचार झालेला बरा.

समुद्रापासून दूर राहणाऱ्या आम्हा उपनगरवासीयांनी या प्रश्नात का पडावे, असे कोणी म्हणेल. त्याचे उत्तर आमच्या रोजच्या गाडीच्या खिडकीतून दिसते. बदलापुरावरून वाहत येणारी उल्हास नदी कल्याणजवळ खाडीला मिळते आणि १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी स्वराज्यात आल्यानंतर मराठी आरमाराची उभारणी याच खाडीच्या काठी सुरू झाली. त्याही मागे जायचे तर रूळ ओलांडून पूर्वेला अंबरनाथचे शिवालय आहे. त्यावरील शिलालेखात शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० हा काळ नोंदलेला आहे. ते उभे करणारे उत्तर कोकणचे शिलाहार हे बंदरांच्या उत्पन्नावर पोसलेले राजे होते, आणि त्या वंशातील अखेरचा राजा सोमेश्वर तेराव्या शतकात देवगिरीच्या महादेव यादवाशी लढताना समुद्रातच बुडाला, असे हेमाद्रीने लिहून ठेवले आहे. बोरिवलीजवळ एकसरच्या वीरगळांवर नौकायुद्ध कोरलेले आहे. तेव्हा समुद्र हा आमचा विषय नाही, असे म्हणण्याचा अधिकार अंबरनाथकरांना तरी नाही.

आता खांदेरीकडे वळू. मुंबई बंदराच्या तोंडाच्या दक्षिणेला असलेले हे बेट महाराजांच्या माणसांनी १६७९ च्या पावसाळ्यात बांधावयास घेतले. मायनाक भंडारी हा तेथील म्होरक्या आणि त्याच्या पाठीशी दौलतखानाचे आरमार. मुंबईच्या इंग्रजांची यामुळे झोप उडाली. त्यांनी ‘रिव्हेंज’ हे लढाऊ जहाज आणि त्याच्यासोबत लहान नौकांचा ताफा धाडला. ऑक्टोबरात झालेल्या झटापटीत त्यांचे ‘डव्ह’ नावाचे गलबत मराठ्यांच्या हाती लागले. इंग्रजांची मोठी जहाजे वाऱ्यावाचून हलत ना आणि मराठ्यांच्या वल्ह्यांच्या होड्या रात्रीच्या वेळी उथळ पाण्यातून बेटावर धान्य, दारूगोळा व दगड पोचवीत राहिल्या. अखेर १६८० च्या प्रारंभी इंग्रजांनी तह केला आणि खांदेरी मराठ्यांकडेच राहिली. (या मोहिमेतला इंग्रज सेनानी कीग्विन हाच पुढे १६८३ मध्ये मुंबईत आपल्याच कंपनीविरुद्ध बंड करून बसला; तो इतिहास निराळा, पण वाचण्याजोगा.) पुढे १७१८ मध्ये मुंबईचा गव्हर्नर चार्ल्स बून याने कान्होजींच्या ताब्यातील या बेटावर चढाई केली. तीही फसली.

एवढ्याशा बेटासाठी इतका खटाटोप कशासाठी? कारण एकच. मुंबईत शिरणारे व मुंबईतून निघणारे जहाज खांदेरीवरून दिसते. ज्याच्या ताब्यात हे बेट, त्याच्या नजरेखाली मुंबईचा दरवाजा. आणि नेमक्या याच कारणासाठी १८६७ मध्ये तेथे दीपगृह उभे राहिले, हे ध्यानात घेतले पाहिजे. ज्या जागेवरून जहाज दिसते, ती जागा जहाजालाही दिसते. टेहळणीची जागा आणि दिव्याची जागा यांची निवड निसर्गच करतो. राज्यकर्ते फक्त ती ओळखतात. महाराजांनी ती १६७९ मध्ये ओळखली. इंग्रजांना दिव्यासाठी ती ओळखण्यास आणखी १८८ वर्षे लागली. म्हणूनच खांदेरीवरील दीपगृह हे किल्ल्याच्या इतिहासावर केलेले परकीय अतिक्रमण आहे, असा सूर जर कोणी काढला तर तो आम्हांस मान्य होण्यासारखा नाही. किल्ल्याने जे काम बंदुकीच्या बळावर केले त्याचाच तो पुढचा अध्याय आहे.

१८६७ हे सालही अर्थपूर्ण आहे. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला, आणि युद्ध संपताच शेअरबाजार कोसळून पेढ्या बुडाल्या. बंदराची वर्दळ मात्र थांबली नाही. १८६९ मध्ये सुएझचा कालवा खुला झाला, १८७३ मध्ये मुंबईचा बंदर न्यास स्थापन झाला, आणि १८७५ मध्ये कुलाब्याच्या दक्षिणेला खडकावर प्राँग्ज दीपगृह उभे राहिले. ते थॉमस ऑर्मिस्टन या अभियंत्याचे काम. त्या आठ-नऊ वर्षांत मुंबईच्या तोंडाशी दिव्यांची जी रांग लागली, तिच्यातला खांदेरीचा दिवा आधीचा. आज परळच्या गिरण्यांची धुराडी गेली, गोद्यांतली गजबज न्हावा-शेव्याला गेली. पण त्या काळाने उभारलेले हे दिवे अजून आपल्या जागी आहेत.

दीपगृहाचे काम कसे चालते, हे आपल्या शालेय पुस्तकांत कधी नीट सांगितले जात नाही. पृथ्वी गोल असल्यामुळे दिवा कितीही प्रखर असला तरी तो क्षितिजाखाली गेला की दिसत नाही. समुद्रसपाटीपासून ५० मीटर उंचीवरील दिव्याचे क्षितिज सुमारे २५ किलोमीटरवर असते. उंची चौपट केली तर अंतर केवळ दुप्पट होते. म्हणून दीपगृहासाठी आधी टेकडी शोधायची आणि तिच्यावर बुरूज बांधायचा. दुसरी गोष्ट भिंगाची. साध्या दिव्याचा प्रकाश चहूकडे, आकाशातही, वाया जातो. फ्रेनेल नावाच्या फ्रेंच अभियंत्याने काचेच्या लोलकांची वर्तुळे एकावर एक रचून तो सगळा एका आडव्या झोतात गोळा करण्याची युक्ती काढली आणि १८२३ मध्ये फ्रान्सच्या कोर्दुआन दीपगृहावर ती प्रथम बसविली. अशा भिंगाने तेलाची वातसुद्धा कित्येक मैलांवर पोचते. दिवसा मात्र याच भिंगातून सूर्यकिरण एकवटून आग लागण्याचे भय, म्हणून सकाळ होताच भोवती पडदे ओढून घ्यायचे, हा दीपगृहांचा जुना नियम. तिसरी गोष्ट ठेक्याची. प्रत्येक दीपगृहाच्या उघडझापीचा ठेका वेगळा असतो व तो नकाशावर लिहिलेला असतो. खलाशी सेकंद मोजतो आणि आपण कोणत्या गावासमोर आहोत हे ओळखतो. गावांची नावे अंधारात अशी वाचता येतात, ही कल्पना मला नेहमीच विलक्षण वाटत आली आहे.

या यंत्रणेमागे माणूस होता. वाती कापणे, तेल भरणे, काचेवरचे मीठ पुसणे, फिरत्या भिंगाच्या घड्याळाची वजने रात्रीतून पुनःपुन्हा वर चढविणे, वारा, पाऊस व दिसलेली जहाजे नोंदवहीत लिहिणे, अशी त्याची रात्र. पावसाळ्यात बेटावरच्या माणसाचा किनाऱ्याशी संबंध दिवसचे दिवस तुटत असे. वीज आली, स्वयंचलित स्विच आले आणि जगभरची दीपगृहे हळूहळू निर्मनुष्य झाली. ब्रिटनमधील शेवटचे रक्षक १९९८ मध्ये घरी गेले. आपल्याकडेही वारा त्याच दिशेने वाहतो आहे.

आता मुख्य आक्षेपाचा विचार करू. आक्षेप असा की, ज्या काळात मासेमारी होडीवरही उपग्रहावरून जागा दाखविणारे यंत्र असते, त्या काळात दीपगृहाच्या दिव्याची गरजच काय? वास्तू स्मारक म्हणून रंगवून ठेवावी, वर चढून समुद्र पाहण्याची सोय करावी, तिकीट लावावे, म्हणजे झाले. हा आक्षेप पोकळ नाही. मोठी जहाजे आज दीपगृहावर विसंबून नसतात हे खरेच आहे. दीपगृहामुळे सर्व अपघात टळतात असेही नव्हे. ७ ऑगस्ट २०१० रोजी ‘एमएससी चित्रा’ हे मालवाहू जहाज मुंबई बंदराबाहेर दुसऱ्या जहाजाशी टक्कर होऊन कलंडले, ते प्राँग्ज दीपगृहाच्या जवळच. तेलाचे तवंग पार रायगडच्या किनाऱ्यापर्यंत पोचले.

परंतु उपग्रहाचा संकेत हा परस्वाधीन असतो. तो दडपता येतो, खोटाही पाठविता येतो. २०२५ च्या जूनमध्ये पश्चिम आशियातील युद्धाच्या दिवसांत होर्मूझच्या सामुद्रधुनीच्या परिसरात शेकडो जहाजांच्या यंत्रांत असा गोंधळ झाला आणि जहाजे नकाशावर भलत्याच ठिकाणी दिसू लागली. हा आपल्याच अरबी समुद्राच्या तोंडाचा प्रदेश आहे. अशा वेळी डोळ्यांनी दिसणारा, कोणालाही खोटा करता न येणारा एक दिवा हा दुसरा साक्षीदार असतो. न्यायालयात एका साक्षीदारावर निकाल लावण्यास न्यायाधीश कचरतात. तांडेलानेच तो का लावावा?

आणि दिव्यापेक्षाही अधिक महत्त्वाची गोष्ट नजरेची. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट काशाच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे बुडाली. दिवसाढवळ्या घडलेली ही दुर्घटना. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हते. मुंबईला बातमी कळली ती कित्येक तासांनी. जे वाचले त्यांतील अनेकांना वाचविले ते त्या बाजूच्या कोळ्यांनी, आपल्या होड्या पाण्यात घालून. कोकणातल्या जुन्या घरांत आजही या बोटीची आठवण निघाली की बोलणे थांबते. त्या दिवशी दीपगृहाचा दिवा कामाचा नव्हता. उपयोगी पडले ते समुद्राकडे पाहणारे डोळे. २००८ च्या नोव्हेंबरात दहा माणसे समुद्रमार्गे मुंबईत उतरली, तेव्हाही आपण हेच शिकलो, आणि त्यानंतर किनाऱ्यावर नजर ठेवणारी रडारे बसविताना अनेक दीपगृहांचीच निवड झाली. टेहळणीची जागा निसर्ग ठरवितो, हे तेव्हा पुन्हा सिद्ध झाले.

दिवा गेला की वास्तूचे काय होते, याचे उदाहरण पाहायला लांब जायला नको. गोव्याच्या आग्वाद किल्ल्यावरील १८६४ चे जुने दीपगृह १९७६ मध्ये निवृत्त झाले आणि दिवा जवळच्या नव्या बुरुजात गेला. जुना बुरूज देखणा आहे, लोक त्याच्यापुढे उभे राहून छायाचित्रे काढतात. २०२३ च्या सप्टेंबरात केंद्र सरकारने पहिला दीपगृह उत्सव भरविला तोही याच आग्वादला, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये देशातील ७५ दीपगृहांवर पर्यटकांसाठी केलेल्या सोयींचे लोकार्पण झाले. यात वाईट काही नाही. मुलांनी दीपगृह पाहावे हे तर मी वरच म्हटले. पण उपाहारगृह व उद्यान यांना जतन म्हणण्याची जी सवय आपल्याकडे रुजत आहे, तिच्याविषयी मात्र बोलले पाहिजे.

याउलट ज्या कोर्दुआनवर फ्रेनेलचे पहिले भिंग बसले, ते १६११ मध्ये पूर्ण झालेले दीपगृह २०२१ मध्ये जागतिक वारसा यादीत आले. तेथला दिवा आजही लागतो. यंत्र स्वयंचलित झाल्यानंतरही फ्रेंचांनी तेथील रक्षक हटविले नाहीत. ते आळीपाळीने बुरुजावर राहतात, वास्तूची देखभाल करतात आणि ओहोटीच्या वेळी येणाऱ्या पाहुण्यांना ती दाखवितात. खांदेरीला हेच का करता येऊ नये? आमचे अंबरनाथचे शिवालय पुरातत्त्व खात्याचे संरक्षित स्मारक आहे आणि तेथे रोजची पूजाही चालते, महाशिवरात्रीला जत्राही भरते. पूजा चालू असल्याने ते स्मारक म्हणून कमी ठरले असे कोणी म्हटलेले नाही. खांदेरीवरही कोळ्यांचा वेताळ आहे, चाकांच्या गाड्यावरच्या तोफा आहेत, ठोकला असता धातूसारखा नाद देणारा खडक आहे. देव, किल्ला आणि दिवा तिन्ही एकत्र नांदू शकतात. गेली दीडशेहून अधिक वर्षे ते नांदतच आले आहेत.

अडचण आहे ती कारभाराची. खांदेरीचा किल्ला राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाच्या संरक्षणाखाली आहे, बेट मुंबई बंदराचे आहे, आणि देशातील दीपगृहांविषयीचा १९२७ चा कायदा रद्द होऊन २०२१ मध्ये नवा झाला तो केंद्राचा. एकाची भिंत, दुसऱ्याची जमीन, तिसऱ्याचा नियम. कचेरीत काम केलेल्या वाचकांना याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. फाईल कोणाच्या टेबलावर आहे हे ठरेपर्यंत दोन पावसाळे उलटतात, आणि समुद्रातल्या बांधकामाला दोन पावसाळे थोडे नसतात.

कारण खारा वारा दगडात शिरतो. त्यातले मीठ दगडाच्या छिद्रांत स्फटिक होऊन फुगते आणि पापुद्रे सुटू लागतात. लोखंडी सांधे गंजून फुगतात व दगडाला तडा देतात. जुन्या बांधकामाचा चुना हा ओलावा आत घेतो व बाहेरही सोडतो, म्हणून भिंत टिकते. आपण काय करतो? डागडुजी म्हणून सिमेंटचा गिलावा थापतो आणि वर तेलरंगाचा हात देतो. उद्घाटनाच्या दिवशी वास्तू झळकते. पण आत कोंडलेला ओलावा बाहेर यायला वाट उरत नाही व पाच-सात वर्षांत गिलाव्यासकट दगडाचा पापुद्रा खाली येतो. महाराष्ट्रातल्या किती देवळांची अशी चकचकीत हानी आपण पाहिली आहे! खांदेरीला ती होऊ नये यासाठी कामाच्या निविदेतच सिमेंटला मज्जाव असावा. जुने भिंग, पितळी सांगाडा, फिरविण्याची यंत्रे, नोंदवह्या यांतले जे हाती लागेल ते मुंबईच्या कोठारात न नेता बेटावरच, नाहीतर निदान अलिबागेत ठेवावे. तेथे काम केलेल्या रक्षकांच्या व त्यांच्या कुटुंबीयांच्या आठवणी अलिबागच्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी आताच लिहून घ्याव्यात. ती माणसे थांबणार नाहीत. आणि जागतिक वारसा स्थळासाठी जो व्यवस्थापन आराखडा करावा लागतो, त्यात दीपगृहाचे स्वतंत्र प्रकरण असावे. त्याचे पहिले कलम असे असावे की, दिवा व त्याचा ठेका बदलणार नाही आणि बेटावर बाराही महिने माणूस राहील.

हे सारे यंदाच्या पावसाळ्यातच ठरले पाहिजे. खांदेरीला होड्या लागतात त्या पावसाळा सरल्यावर, म्हणजे काम करावयास मिळतात ते फार तर सात-आठ महिने. दगड, वाळू, माणसे सारे थळहून होडीने जायचे. दिवाळीनंतरच्या पहिल्या होडीतून चुना न्यायचा असेल तर तो त्याआधी निदान महिनाभर पाण्यात मुरत घातलेला हवा, आणि चुन्याची घाणी चालविता येणारा गवंडी शोधण्यासच आता महिना लागतो.